सम्राट रडला, त्याची गोष्ट

इ.स. ११० च्या आसपास बिथिनिया प्रांताचा राज्यपाल प्लिनी याने सम्राट ट्रेजनला एक वैतागलेलं पत्र पाठवलं. बिथिनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, काळ्या समुद्राला लागून असलेला वायव्येकडचा पट्टा. पत्रातलं रडगाणं आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. निकीया शहरातल्या नाट्यगृहाने एक कोटीहून जास्त सेस्टर्स खाल्ले आणि पुरं होण्याआधीच त्याला तडे गेले. क्लॉडिओपोलिसचे लोक डोंगराच्या कुशीत, खोलगट जागेवर एक अवाढव्य स्नानगृह बांधायला निघालेत. बांधतात कसले, नुसतं खणतात. पैसा कुठून, तर नगरसभेत नव्याने घेतलेल्या सभासदांनी भरलेल्या रकमेतून. कुणी जाणकार वास्तुविशारद पाठवून द्यावा, अशी शेवटी विनंती. ट्रेजनने उत्तर धाडलं की तुम्ही जागेवर आहात, तुम्हीच काय ते ठरवा. ग्रीकांना व्यायामशाळांचा सोसच असतो. आणि वास्तुविशारद काय, तिकडेही मिळतील.

त्या स्नानगृहाचं पुढे काय झालं ते राहू दे. क्लॉडिओपोलिसच्या (आजच्या बोलू शहराच्या) परिसरात साधारण त्याच सुमारास अँटिनोअस नावाचा एक मुलगा जन्माला आला. विशीच्या आसपास तो नाईल नदीत बुडून मेला. त्यानंतर त्याच्या नावाने शहर वसलं, देवळं उठली, नाणी पडली, खेळांच्या स्पर्धा भरल्या, आकाशातले काही तारे त्याचे ठरले. त्याच्या बापाचं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. त्याने उच्चारलेला एक शब्दही आलेला नाही. चेहरा मात्र असा आलाय की जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे शंभराच्या घरात पुतळे आणि मुखवटे आहेत. प्राचीन रोममधल्या फारच थोड्यांच्या वाट्याला एवढी शिल्पं आली. याचं कारण एकच. सम्राट हेड्रियनचं त्याच्यावर प्रेम होतं.

बिथिनियाचं नाव काढलं की रोमन माणसाने गालात हसावं, अशी व्यवस्था मात्र अँटिनोअसच्या जन्माच्या जवळपास दोनशे वर्षं आधीच होऊन बसली होती. ती केली ज्युलियस सीझरने. इ.स.पू. ८० च्या सुमारास विशीतला सीझर आरमार आणण्याच्या कामगिरीवर बिथिनियाचा राजा चौथा निकोमिडीस याच्या दरबारी गेला आणि जरा जास्तच दिवस राहिला. परत आला, आणि काही दिवसांत वसुलीचं निमित्त काढून पुन्हा तिकडेच गेला. झालं. ही चर्चा जन्मभर त्याच्या मागे लागली. सहकारी कॉन्सल बिब्युलसने तर जाहीर पत्रकांतून त्याला बिथिनियाची राणी म्हटलं. गॉल जिंकून सीझरने इ.स.पू. ४६ मध्ये विजययात्रा काढली, तेव्हा त्याचेच सैनिक त्याच्या रथामागून, गॉल जिंकणाऱ्याला निकोमिडीसने जिंकल्याचं गाणं म्हणत चालले होते. विजयी सेनापतीची टिंगल करायची ही रीतच होती; त्याला दृष्ट लागू नये, देवांनी त्याचा हेवा करू नये, म्हणून. सीझर बाकीची टिंगल हसण्यावारी नेई, पण या एका गोष्टीवर चिडे. त्याने शपथेवर इन्कार केला आणि लोक आणखी हसले.

त्याच मिरवणुकीत त्याच सैनिकांनी गावकऱ्यांना बायका सांभाळायलाही सांगितलं होतं, कारण सेनापतीची बायकांच्या बाबतीतली ख्याती तशीच होती. म्हणजे सीझर पुरुषांच्या नादी लागतो की स्त्रियांच्या, हा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता तो निकोमिडीसपुढे कोणत्या पायरीवर उतरला याचा. रोमच्या नागरिकाने, त्यातून उमराव घराण्यातल्या तरुणाने, परक्या राजाच्या शय्येवर स्त्रीची जागा घ्यावी, हे त्यांना झोंबत होतं. हीच गोष्ट उलट घडली असती, तर कुणी गाणं रचायच्या भानगडीत पडलं नसतं.

आजचा वाचक इथे बुचकळ्यात पडतो, कारण आपण माणसं वाटून घेतो ती कुणाला कोण आवडतं यावरून. रोमन लोक वाटून घेत ते दर्जावरून. स्वतंत्र नागरिकाच्या देहाला कायद्याचं कवच होतं. जन्मतः स्वतंत्र असलेला मुलगा गळ्यात बुल्ला नावाचा ताईत घालून हिंडे, आणि तो ताईत म्हणजे हात न लावण्याची ताकीद होती. स्कँटिनियाचा कायदा म्हणून एक कायदा याच मर्यादेशी जोडलेला होता, आणि त्याचा वापर फार विरळा होई. गुलामाला मात्र कवच वगैरे काही नव्हतं. मालकाने त्याला किंवा तिला शय्येवर ओढलं तर ती बातमीच नव्हती. गुलामाच्या बाबतीत होकार-नकार हा प्रश्नच उपस्थित होत नसे. रोममध्ये समलिंगी प्रेमाला किती मोकळीक होती, असं कौतुकाने लिहिणारे या मोकळिकीचं बिल कुणाच्या नावावर फाटत होतं ते बहुधा सांगत नाहीत.

सम्राटांकडे पाहिलं तर यादी लांबेल. पहिल्या पंधरा सम्राटांत प्रेमाच्या बाबतीत ‘नीट’ असा एकटा क्लॉडियस होता, असं अठराव्या शतकातला इतिहासकार गिबन लिहून गेला. क्लॉडियसला फक्त स्त्रिया आवडत, ही गोष्ट त्याचा रोमन चरित्रकार सुएटोनियस यालाही वेगळी नोंदवावीशी वाटली, हे त्याहून मजेशीर. गाल्बाला पोरसवद्या मुलांऐवजी पिकल्या वयाचे पुरुष आवडत. ट्रेजनला मुलं आणि मद्य दोन्ही प्रिय, पण त्यापायी त्याने कुणाचं वाईट केलं नाही, असं प्रशस्तिपत्र इतिहासकार कॅशियस डिओने त्याला दिलंय. डोमिशियनने मुलांचं खच्चीकरण करायला कायद्याने बंदी घातली, आणि त्याच डोमिशियनच्या दरबारात पर्गामममधून आणलेला एरिनस नावाचा देखणा खोजा होता. त्याचे केस कापून मूळ गावच्या देवाला वाहिले, त्या प्रसंगावर नावाजलेल्या कवींनी कविता केल्या.

नीरोपाशी मात्र थांबावं लागतं. इ.स. ६५ मध्ये त्याची बायको पॉपिया सबिना गर्भारपणात मेली. नीरोच्या लाथेने मेली, असं प्राचीन लेखक सांगतात. तिच्या चेहऱ्याशी साम्य असलेला स्पोरस नावाचा एक मुलगा त्याच्या नजरेस पडला. नीरोने त्याचं खच्चीकरण करवलं, त्याला सम्राज्ञीचे कपडे घातले, सबिना हे नाव दिलं आणि ग्रीसच्या दौऱ्यात त्याच्याशी रीतसर लग्न लावलं. करार झाला, हुंडा ठरला, तिजेलिनस या सरदाराने कन्यादानही केलं. ६८ मध्ये नीरो पळाला आणि मेला, तेव्हा स्पोरस सोबत होता. त्यानंतर राजवाड्याच्या सामानसुमानासारखा तो हस्तांतरित होत गेला. आधी अंगरक्षकांचा प्रमुख निम्फिडियसने त्याला ठेवून घेतलं, मग सम्राट ओथोने. पुढचा सम्राट व्हिटेलियस याने ठरवलं की जनतेच्या करमणुकीसाठी स्पोरसला रंगमंचावर अपहृत देवी प्रॉसर्पिना म्हणून उभं करायचं. ती विटंबना टाळायला स्पोरसने जीव दिला. या गोष्टीला समलिंगी विवाहाचा इतिहास म्हणून नाचवणारे लेख मी वाचलेत. त्यातल्या कुणाला हा मुलगा दिसला असेल, असं मला वाटत नाही.

यातला बराच मजकूर सुएटोनियसचा आहे, आणि सुएटोनियस म्हणजे अर्धा दस्तऐवज नि अर्धी कुजबुज. त्याला दप्तर पाहायला मिळत होतं, कारण तो हेड्रियनचा पत्रव्यवहार सांभाळणारा सचिव होता. इ.स. १२२ च्या सुमारास हेड्रियनने त्याला बडतर्फ केलं. सम्राज्ञी सबिनाशी तो शिष्टाचार सोडून सलगीने वागला, असं कारण दिलं गेलं. सुएटोनियसची सम्राटचरित्रं डोमिशियनपाशी संपतात. हेड्रियनच्या शय्यागृहाची कुजबुज त्याच्या लेखणीतून आपल्याला मिळायची राहिली, त्याची मला थोडी हळहळ आहे.

हेड्रियन गादीवर आला इ.स. ११७ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. मूळ घराणं स्पेनमधलं. ट्रेजनने जिंकलेला पूर्वेकडचा मुलूख त्याने आल्या आल्या सोडून दिला, ब्रिटनमध्ये ती प्रसिद्ध भिंत घातली, रोमचं पँथिऑन नव्याने उभं केलं, आणि कारकिर्दीचा निम्म्याहून जास्त काळ इटलीबाहेर फिरण्यात घालवला. ग्रीक साहित्य, ग्रीक स्थापत्य, ग्रीक गूढविधी यांचं त्याला एवढं वेड की लहानपणापासून लोक त्याला ‘ग्रीकडा’ म्हणून चिडवत. सम्राटांनी दाढी राखायची प्रथाही त्याच्यापासून पडली. बायको विबिया सबिना ही ट्रेजनच्या बहिणीची नात. लग्न घराण्याच्या सोयीचं, मूल नाही, आणि दोघांचं पटत नव्हतं असं सगळेच लिहितात. तरीही तिला तो सगळीकडे बरोबर नेई, तिच्या नावाने नाणी पाडी.

अँटिनोअस त्याला कधी भेटला याची नोंद नाही. १२३ च्या सुमारास सम्राट बिथिनियात होता, तेव्हा भेट झाली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे; तसं असेल तर मुलगा बारा-तेरा वर्षांचा असणार. आजच्या कुठल्याही कसोटीवर हे नातं बसत नाही, आणि ते बसवायचा आटापिटा करू नये. एका बाजूला पृथ्वीचा मालक, दुसरीकडे प्रांतातला एक पोर. ग्रीक जगात मात्र याला मानाचा साचा होता. प्रौढ पुरुषाने तरुणावर प्रेम करावं, त्याला शिकार, व्यायाम, काव्य, शहाणपण शिकवावं, दाढी आली की नात्याने रूप बदलावं. हेड्रियन स्वतःला त्या साच्यात पाहत होता. रोमन दरबाराला यात खटकण्यासारखं काही नव्हतं; सम्राटाचा एक लाडका होता, असे पूर्वीही होते. अँटिनोअस मेला नसता तर त्याचं नावसुद्धा आपल्याला माहीत नसतं, असं मला वाटतं.

इ.स. १३० मध्ये शाही लवाजमा इजिप्तमध्ये उतरला. अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला, लिबियाच्या वाळवंटात, माणसं मारणारा एक सिंह होता. सम्राट आणि अँटिनोअस घोड्यांवरून त्याच्या शिकारीला गेले. सम्राटाने आधी त्याला जखमी केलं आणि अखेर लोळवलं. पँक्राटीस नावाच्या स्थानिक कवीने लगोलग या शिकारीवर महाकाव्य रचलं. त्याच्या काही फाटक्या ओळी इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडल्या आहेत. पँक्राटीस हुशार होता. त्याने सम्राटाला एक गुलाबी कमळ दाखवलं, म्हणाला, हे त्या सिंहाच्या रक्तातून उगवलंय, याला अँटिनोअसचं नाव द्या. हेड्रियन एवढा खूश झाला की त्याने कवीला अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात आयुष्यभराच्या जेवणाची सोय करून दिली. राजाश्रयाचं शास्त्र सगळीकडे सारखंच.

ऑक्टोबरच्या अखेरीला नौका नाईलवरून वर चालल्या होत्या. पूर ओसरत आला होता, तरी नदी फुगलेलीच होती. हर्मोपोलिसच्या समोर, पूर्वेच्या काठाजवळ अँटिनोअस बुडाला.

कसा बुडाला, याची तीन उत्तरं प्राचीन काळापासून आहेत. हेड्रियनने आपल्या आत्मचरित्रात तो नदीत पडला एवढंच लिहिलं होतं. ते आत्मचरित्र हरवलं, पण कॅशियस डिओने ते वाचलेलं दिसतं. जवळपास शतकानंतर लिहिणाऱ्या डिओला ते पटलं नाही. त्याच्या मते मुलाचा बळी दिला गेला, कारण सम्राटाला भविष्य आणि जादूटोण्याचा नाद होता आणि विधीसाठी स्वखुशीने मरणारा जीव हवा होता. चौथ्या शतकातल्या ऑरेलियस व्हिक्टरच्या सांगण्याप्रमाणे सम्राटाचं आयुष्य वाढावं म्हणून दुसऱ्या कुणी मरायला हवं होतं, आणि पुढे झाला तो फक्त अँटिनोअस. मला अपघात सर्वांत खरा वाटतो. मोठ्या माणसाजवळचं साधं मरण लोकांना कधीच पुरत नाही. शिवाय इजिप्तमध्ये नाईलने ओढून नेलेला माणूस ओसायरिस देवासारखा पवित्र मानला जाई, आणि ओसायरिसचा उत्सवही त्याच दिवसांत येत होता. बळीची कहाणी पिकायला एवढं पुरेसं होतं.

हेड्रियन रडला. एखाद्या बाईसारखा रडला, असं त्याच्या उत्तरकालीन चरित्रात लिहिलंय, आणि रोमला जे खुपलं ते इथे दिसतं. कॅशियस डिओने नोंदलेली टर पाहा. त्याच सुमारास सम्राटाची सख्खी बहीण पॉलिना वारली. तिला त्याने लगेच कसलाही सन्मान दिला नाही, आणि या पोरासाठी मात्र शहर वसवलं, म्हणून लोक हसले. शिवाय त्याने आकाशात एक तारा पाहिला आणि तो अँटिनोअसचा म्हणून सांगितलं, जवळच्यांनी माना डोलावल्या, त्यालाही लोक हसले. मुलाशी असलेल्या संबंधांची कुणी खिल्ली उडवली नाही. खिल्ली उडाली ती दुःखाचं माप चुकलं म्हणून. गुलाम, लाडका, सोबती यांच्यासाठी सम्राटाने किती रडावं याचीही पायरी होती, आणि हेड्रियनने ती ओलांडली.

३० ऑक्टोबर १३० रोजी त्याच काठावर अँटिनोपोलिस नगराची स्थापना झाली. आखीव रस्ते, खांबांच्या ओळी, नाट्यगृह, आणि राहायला येणाऱ्या ग्रीकांना सवलती; त्यातली विशेष म्हणजे इजिप्तच्या स्थानिक लोकांशी कायदेशीर विवाह करायची मुभा, जी इतर ग्रीक शहरांना नव्हती. नेपोलियनबरोबर आलेल्या फ्रेंच अभ्यासकांनी या शहराचे खांब उभे असलेले पाहिले, चित्रं काढली. पुढे एकोणिसाव्या शतकात त्या दगडांतले बरेचसे जवळच्या साखर कारखान्याच्या बांधकामात गेले. साखर कारखान्यापुढे इतिहासाचं काही चालत नाही, हे आपल्याला कुणी इजिप्तहून येऊन सांगायला नको.

शोकाला तीन आठवडे झाले होते तेव्हा दरबार थीब्जजवळच्या मेम्नॉनच्या पुतळ्यापाशी होता. पहाटे हा दगडी पुतळा आवाज काढी, तो ऐकायला राजेरजवाडे येत. सबिनाची सखी, राजघराण्यातली कवयित्री ज्यूलिया बाल्बिला, हिने तिथे रचलेल्या चार कविता पुतळ्याच्या पायावर कोरल्या आहेत. आजही वाचता येतात. त्यांत हेड्रियन आहे, सबिनाचं रूप आहे, नोव्हेंबर १३० च्या तारखाही आहेत. अँटिनोअसचा उल्लेख नाही. बाल्बिलाने त्या लिहिल्या स्त्रियांवरच्या प्रेमाबद्दल लिहिणाऱ्या ग्रीक कवयित्री सॅफोच्या बोलीत, जी तोवर सातशे वर्षं जुनी झाली होती, आणि त्यावरून ती व सबिना यांच्यातल्या नात्याबद्दल काही अभ्यासकांनी तर्क केले आहेत. तर्कापलीकडे जायला पुरावा नाही. राजवाड्यातल्या बायकांनी एकमेकींवर प्रेम केलं असेल तर ते टिपून ठेवणारा सुएटोनियस त्यांना लाभला नाही.

यापुढची गोष्ट एकट्या सम्राटाच्या हातची राहिली नाही. तीसहून अधिक ग्रीक शहरांनी अँटिनोअसची नाणी पाडली. क्लॉडिओपोलिसचे मूळ पुरुष ग्रीसमधल्या मँटिनिया गावचे, या जुन्या समजुतीवर मँटिनियाने त्याचं देऊळ बांधलं, दरवर्षी गूढविधी आणि दर चार वर्षांनी खेळ सुरू केले. प्रवासवर्णनकार पौसानियस तिथे गेला होता. मी त्याला जिवंतपणी पाहिलेलं नाही, पुतळ्यांतून आणि चित्रांतून पाहिलंय, असं तो प्रांजळपणे सांगतो. पुतळ्यांची एक गंमत आहे. डायोनायसस म्हणून असो, ओसायरिस म्हणून असो की शिकारी म्हणून, रुंद छाती, किंचित खाली झुकलेली मान आणि भरीव ओठ ठरलेले. अभ्यासक त्याला ओळखतात ते कपाळावरच्या बटांवरून. कोणती बट कुणीकडे वळते हे इटलीपासून आशियापर्यंत इतकं जुळतं की दरबारातून एक मूळ नमुना सगळीकडे धाडला गेला असणार.

पण मला सर्वांत भावतो तो रोमच्या दक्षिणेला लानुव्हियम गावी १८१६ मध्ये सापडलेला एक शिलालेख. इ.स. १३६ चा. डायना देवी आणि अँटिनोअस यांच्या नावाने तिथल्या गरिबांनी आणि गुलामांनी चालवलेल्या मंडळाची ही नियमावली, अँटिनोअसच्याच देवळात लावलेली. मंडळ कशासाठी, तर मेल्यावर धड क्रियाकर्म व्हावं म्हणून. आपल्याकडच्या भिशीसारखीच रचना. प्रवेश फी १०० सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण. महिन्याची वर्गणी ५ अॅस, म्हणजे सव्वा सेस्टर्स. सभासद मेला की अंत्यविधीला ३०० सेस्टर्स, त्यातले ५० चितेपाशी वाटायचे. गावापासून लांब कुठे मेला आणि वेळेत कळलं, तर तिघांनी जाऊन सगळं उरकून यायचं आणि हिशेब द्यायचा. आत्महत्या केली तर काही मिळणार नाही. गुलाम सभासद मेला आणि मालकाने आकसाने प्रेत दिलं नाही, तर त्याची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करायचे. गुलाम मुक्त झाला तर त्याने मंडळाला दारूचा एक रांजण द्यायचा. मेजवानीला माणशी दोन अॅसचा पाव आणि चार सार्डीन मासे. मेजवानीत आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन गडबड केली तर ४ सेस्टर्स दंड, दुसऱ्याला शिवीगाळ केली तर १२, आणि अध्यक्षाला केली तर २०!

अँटिनोअसचा वाढदिवस २७ नोव्हेंबर, हे आपल्याला कळतं ते याच दगडावरून, कारण त्या दिवशी मेजवानी ठरलेली होती. गुलामांनी त्याला का निवडलं? सम्राटाला खूश ठेवायला, हे एक उत्तर आहेच. पण तरुणपणी मेलेला, मालकाच्या मर्जीवर जगलेला आणि तरी मरणाच्या पलीकडे पोचलेला हा देव चितेच्या पैशांसाठी वर्गणी भरणाऱ्यांना ज्युपिटरपेक्षा जवळचा वाटला असेल, तर नवल नाही. ख्रिस्ती लेखकांना मात्र तो डोळ्यांत सलला, आणि त्याला कारण होतं. सेल्सस नावाच्या टीकाकाराने येशूच्या भक्तीची तुलना अँटिनोअसच्या भक्तीशी केली होती. तिसऱ्या शतकात ओरिजेनला त्याचं खंडन करावं लागलं. नंतरचे धर्मगुरूही त्याच्या नावाने बोटं मोडत राहिले.

ताऱ्याचं पुढे काय झालं, हे इथे सांगायला हवं, कारण त्यात आपलाही एक धागा आहे. हेड्रियनच्याच काळात अलेक्झांड्रियात टॉलेमी आकाश मोजत होता. त्याच्या तारासूचीत गरुड तारकासमूहाजवळचे सहा तारे अँटिनोअसच्या नावाने नोंदले आहेत. दिवाळीच्या दिवसांत रात्र पडली की पश्चिमेकडे श्रवणाचा ठळक तारा दिसतो, त्याच्या दक्षिणेला हे मंद तारे आहेत. एकोणिसाव्या शतकापर्यंत नकाशांत तिथे मुलाचं चित्र काढत. पुढे खगोलशास्त्रज्ञांनी ८८ तारकासमूहांची यादी पक्की केली, तिच्यात अँटिनोअस नाही, त्याचे तारे गरुडात जमा झाले. याच टॉलेमीने भूगोलावरही ग्रंथ लिहिला, आणि त्यात पैठण आहे, तिथल्या राजाच्या नावासकट. तो राजा सातवाहन पुळुमावी असल्याचं अभ्यासक मानतात. ही निव्वळ ग्रंथातली ओळख नव्हती. इ.स. १३७ च्या शिलालेखानुसार हेड्रियनने अँटिनोपोलिसपासून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरापर्यंत, पाण्याची टाकी आणि चौक्या असलेला नवा रस्ता काढला. बेरेनिके म्हणजे हिंदुस्थानच्या व्यापाराचं बंदर. तिथल्या उत्खननात बुद्धाची मूर्ती आणि सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचं इजिप्तने २०२३ मध्ये जाहीर केलं.

हेड्रियननंतर ऐंशी वर्षांनी एलागाबालस नावाचा चौदा वर्षांचा सीरियन मुलगा सम्राट झाला. हिएरोक्लीस या सारथ्याला तो नवरा म्हणे आणि स्वतःला त्याची बायको म्हणवून घेई, असं कॅशियस डिओ लिहितो. पण एलागाबालसला मारून गादीवर आलेल्यांच्या पदरी डिओ नोकरीला होता, हे लक्षात ठेवूनच ते वाचावं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या संग्रहालयाने आपल्याकडच्या एलागाबालसच्या नाण्याची माहिती स्त्रीलिंगी सर्वनामाने द्यायचं ठरवलं आणि वर्तमानपत्रांत धुरळा उडाला. डिओ हा त्याचा शत्रू होता. शत्रूच्या तोंडून आलेल्या कबुलीवर मी तरी घर बांधणार नाही.

साम्राज्य ख्रिस्ती झालं आणि पायरीचा प्रश्न पापाचा झाला. ३४२ मध्ये कॉन्स्टान्शियस आणि कॉन्स्टान्स या सम्राटबंधूंनी पुरुषांच्या संबंधांविरुद्ध कडक कायदा काढला; यातल्या कॉन्स्टान्सला देखण्या रानटी ओलिसांची आवड होती असं इतिहासकार सांगतात, तो भाग वेगळा. ३९० मध्ये थिओडोशियसच्या काळात शिक्षा जाहीर जाळण्याची झाली. सहाव्या शतकात जस्टिनियनला तर अशा संबंधांमुळे दुष्काळ आणि भूकंप होतात असं वाटत होतं. सरळ रेषेत नाही, पण चर्चच्या कायद्यांतून ही दृष्टी आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या इंग्लिश कायद्यात आली आणि तिथून १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ म्हणून उतरली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते रद्द केलं. हे कलम आपल्या संस्कृतीतून आलं, असं सांगणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा पाहावी.

आधुनिक युरोपात अँटिनोअस परत आला तो दगडातून. हेड्रियनच्या तिवोलीच्या महालात १७३५ मध्ये सापडलेल्या त्याच्या शिल्पावर कलेतिहासकार विंकलमनने जीव ओवाळला. डेल्फीचा पुतळा १८९४ मध्ये मातीतून जवळजवळ उभाच निघाला. १९५१ मध्ये फ्रेंच लेखिका मार्गरित युर्सनारची हेड्रियनच्या तोंडून सांगितलेली कादंबरी आली. तिचं इंग्रजी भाषांतर केलं युर्सनारची आयुष्याची सोबतीण ग्रेस फ्रिक हिने. आणि रोमच्या पलाझ्झो आल्तेम्प्समधल्या अर्धपुतळ्याचा चेहरा मूळचा नाही, खरा चेहरा शिकागोच्या संग्रहालयात सुटा पडलाय, हे एका इजिप्ततज्ज्ञाच्या लक्षात आलं. २०१६ मध्ये दोन्ही भाग आणि त्यांचा जोडलेला साचा एकत्र मांडले गेले. या सगळ्यांत हेड्रियनला काय वाटलं ते भरपूर आहे. मुलाला काय वाटलं, ते कुठेच नाही. हे नातं प्रेमाचं होतं का, असं कुणी विचारलं तर सम्राटाच्या बाजूने होय म्हणायला शंभर पुतळे आहेत. दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायला कुणी नाही, आणि ते उत्तर आपण भरू नये.

हेड्रियन १० जुलै १३८ रोजी बाइए येथे आजारात झिजून मेला. सिनेटने त्याला देव मानायला नकार दिला. राग जुना होता. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच माजी कॉन्सल असलेल्या चार बड्या माणसांना मारलं गेलं होतं, आणि अखेरीला त्याने नव्वदीच्या घरातल्या आपल्या मेव्हण्याला, सर्व्हियानसला, त्याच्या तरुण नातवासकट मरायला लावलं होतं. त्याचे निर्णय रद्द करा, इथवर मागणी गेली. या तक्रारींत बिथिनियाच्या मुलाचा उल्लेख आपल्याला सापडत नाही. दत्तक घेतलेला वारस अँटोनायनस सिनेटपुढे उभा राहिला आणि म्हणाला, त्याचे निर्णय रद्द करायचे तर माझं दत्तकविधानही त्यातलंच. मग मीही तुमचा सम्राट नाही. सिनेट नमलं, आणि हेड्रियन कायदेशीररीत्या देव झाला. अँटिनोअस तोवर आठ वर्षं देव होता, सिनेटला न विचारता.